काळ्या खडकाचा सेनापती आणि घमेल्यातले फोन

ढोल थांबला आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरची भावाची लाल रेघ वर निघाली.

दक्षिण कोरियातल्या हागम बंदरात मच्छीमारांच्या सभागृहात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. कालवं फोडणाऱ्या बायका रबरी एप्रन कमरेला तसेच ठेवून आल्या होत्या. बोटवाले होते, बर्फाच्या कारखान्यातले होते. पोस्टातला कारकूनसुद्धा मास्क हनुवटीवर ओढून, तोंड उघडं टाकून उभा होता. समोर नैवेद्याचं उकडलेलं डुकराचं मुंडकं, त्याच्या तोंडात खोचलेल्या नोटा, तांदळाच्या वड्यांचे थर, नाशपातींची रास. आणि त्या सगळ्याच्या मागे, दोन उघड्या पात्यांवर अनवाणी पावलं टेकून, निळा झगा आणि लाल टोपी घातलेला बानबुवा घुमत होता.

"मी काळ्या खडकाचा सेनापती," बुवाच्या तोंडून जाडाभरडा आवाज येत होता. "माझ्या तलवारीनं समुद्र दुभंगला, तुमचा बाजार किस झाडाचा पाला. हानुल कॉईन घ्या. भित्रा पळेल, लोभी बुडेल, श्रद्धाळू तरेल. हानुल."

नाव ऐकताच अख्ख्या सभागृहाच्या माना खाली गेल्या. देवापुढे नव्हे, फोनवर. ही आभासी नाणी तिथेच घेता-विकता येत. कोणी आधी खरेदी केली आणि मग जावेला फोन लावला, कोणी बुसानमधल्या मुलाला, कोणी नणंदेच्या सगळ्या गोतावळ्याला. "हानुल गं, हानुल. आत्ताच्या आत्ता." आणि पडद्यावरची रेघ जी उठली ती बघता बघता काठाला टेकली. बायका रडायला लागल्या. एकीनं बुवाच्या झग्याचं टोक डोळ्यांना लावलं.

दाराजवळ उभ्या असलेल्या प्योबाईंनी मात्र हात जोडले नाहीत. गावच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. समोर बसलेल्या निम्म्या बायका त्यांच्या हातचा मार खाल्लेल्या. पातं आडवं न सरकता त्यावर सरळ पाय ठेवला तर कापत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून बुवाच्या पायांकडे त्यांनी एकदाच पाहिलं. नंतर त्या पाहत राहिल्या त्या बायकांच्या अंगठ्यांकडे.

पुढच्या रांगेत त्यांची धाकटी बहीण मालसुन होती. तिचा अंगठा सगळ्यांत जोरात चालत होता.

*

दुसऱ्या दिवशी बाई कालवांच्या शेडमध्ये गेल्या. मालसुन उभ्यानं कालवं फोडत होती. सुरीचं टोक फटीत, मनगटाची एक गिरकी, शिंपला वेगळा, मांस बादलीत. बोलताना हात थांबत नव्हता.

"ताई, तू आलीस ते बरं झालं. बोट विकतेय मी."

बाईंना आधी नीट ऐकू आलं असं वाटलं नाही. ती बोट म्हणजे मालसुनच्या नवऱ्याची कमाई. तो गेल्यावर तीच बोट घेऊन ती स्वतः समुद्रातल्या कालवांच्या तराफ्यांवर जायची, आणि त्यावर दोन मुलींना तिनं शिकवलं होतं.

"कोणाला?"

"साम्चनफोचं गिऱ्हाईक आहे. शनिवारी संध्याकाळी सही. त्याच दुपारी बुवांचा मोठा शब्द आहे. सेनापती म्हणालेत, आजवरचे शब्द म्हणजे नुसते शिंतोडे होते."

"सही संध्याकाळी आणि शब्द दुपारी. मग पैसे कसे घालशील?"

"जेगालसाहेब देतायत तोवर. बुवांचे शिष्य. नुसत्या माझ्या तोंडी शब्दावर देतायत, कागद नाही काही नाही. असा माणूस आजकाल भेटतो?"

"नाही भेटत," बाई म्हणाल्या. "म्हणूनच भीती वाटते. बरं, कालचं सांग. फायदा झाला?"

"झाला ना."

"त्याच्या आधीच्या शब्दात?"

मालसुनची सुरी क्षणभर अडखळली. "त्यात गेले थोडे. माझं मन डळमळलं होतं. बुवा म्हणाले, संशयाची शिक्षा आहे ती."

"आणि होबुन आजीचे? तिचे तर प्रत्येक वेळी जातात. ती तर तुझ्याहून भाबडी आहे. पहाटे उठून सेनापतीपुढे पाण्याची वाटी ठेवते."

"आजीचं काय घेऊन बसलीस. तिची बोटं आखडलेली. विकायला उशीर होतो तिला."

"म्हणजे सेनापतीची कृपा बोटांच्या चपळाईवर ठरते म्हण की."

शेडमधल्या दोघीतिघी फिसकन हसल्या. मालसुनचं तोंड लाल झालं. तिनं सुरी फळीवर आपटली.

"तू लहानपणापासून अशीच. आई आजारी होती तेव्हा मी पूजा घालू म्हटलं, तर तू थर्मामीटर पुढे केलास. सगळं गाव वर चाललंय आणि मी मात्र तुझ्या शहाणपणापायी आयुष्यभर गुडघाभर चिखलात उभी राहू? शनिवारी येऊ नकोस. आलीस तर तोंड उघडू नकोस. माझी लाज काढू नकोस चारचौघांत."

बाई घरी आल्या. चहा ठेवला आणि नातवानं शिकवलं होतं तसं फोनवर एकेका कॉईनचा आलेख उघडत बसल्या. बुवानं आजवर जेवढी नावं उच्चारली तेवढी सगळी. चहा उकळून पातेल्याला लागला तरी त्या उठल्या नाहीत. वर्गात एखाद्या द्वाड पोराची नक्कल पकडली की त्यांच्या ओठांचा जसा चंबू व्हायचा, तसा तो झाला होता.

प्रत्येक रेघ बुवाच्या शब्दानंतर उसळलेली होती, हे खरंच होतं. पण शब्दाच्या आदल्या दिवशीही ती हलकेच वर सरकलेली होती. जणू कोणी दबक्या पावलांनी आधीच येऊन बसलं होतं. आणखी एक गोष्ट होती. सेनापतीनं उचललेली सगळी नाणी अशी, की एरवी त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. ज्या मोठ्या कॉईनच्या नावानं सोलपासून परदेशापर्यंत जग वेडं झालं होतं, त्याच्याबद्दल सेनापतीच्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता. एवढा पराक्रमी योद्धा आणि मोठ्या मैदानात उतरायला कचरत होता.

*

शनिवारी बाई गेल्या, आणि तोंडही उघडलं.

ढोल वाजून झाला होता, बुवा पात्यांवर चढला होता, डोळे पांढरे झाले होते. पडद्याजवळ जेगाल उभा होता. चापूनचोपून बसवलेले केस, हातात फोन, चेहऱ्यावर भक्तिभाव. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला.

"सेनापती, एक विनंती आहे."

मालसुननं मान वळवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"मला भाव कळत नाहीत, शंका तेवढी येते," बाई शांतपणे पुढे येत म्हणाल्या. येताना त्यांनी स्वयंपाकघरातलं लोणची घालायचं मोठं लाल घमेलं उचलून आणलं होतं. ते त्यांनी डुकराच्या मुंडक्यापुढे ठेवलं. "आज तुम्ही शब्द द्या. पण आम्ही सगळे आमचे फोन या घमेल्यात ठेवतो. तुमचा शब्द खरा होईपर्यंत कोणी हात लावणार नाही. मग पडद्यावर तुमची किमया डोळे भरून बघतो. एरवी खरेदीच्या गडबडीत ती नीट बघायलाच मिळत नाही."

बुवाचे पांढरे डोळे किंचित काळे झाले. "मूर्ख बाई. मुहूर्त टळला तर भक्तांचं भाग्य जाईल."

"भक्तांचं जाईल, पण शब्द तर खरा होईल ना? समुद्र दुभंगला तेव्हा काठावरच्या लोकांनी दोऱ्या लावून ओढला नव्हता तो. आपोआपच दुभंगला असेल."

कोणीतरी हसलं, कोणीतरी "बाई, पाप लागेल" म्हणालं. जेगाल पुढे सरसावला. "आजी, ही धार्मिक जागा आहे. परीक्षा बघायची नाही देवाची."

"मी आयुष्यभर परीक्षाच घेतल्या," बाई म्हणाल्या. "ज्याचा अभ्यास झालेला असतो तो घाबरत नाही."

आता मालसुन उठली. तिनं गर्दीतून वाट काढली, बहिणीच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि आपला फोन घमेल्यात टाकला. टण्णकन आवाज आला.

"हा घे," ती म्हणाली. "माझी श्रद्धा काही अंगठ्यात नाही. सेनापती जिंकतील. आणि जिंकले की तू त्यांच्या पाया पडायचंस, सगळ्यांसमोर."

"पडेन," बाई म्हणाल्या.

पुढच्या रांगेची मानकरीण फोन टाकते म्हटल्यावर मागच्यांना पर्याय उरला नाही. एकामागून एक फोन पडत गेले. होबुन आजीनं कमरेच्या पिशवीतून फोन काढून, आधी कपाळाला लावून मग ठेवला. घमेलं भरलं. बुवाला पात्यांवरून उतरताही येईना आणि गप्पही बसवेना. शेवटी तो ओरडला, "सोराम. सोराम कॉईन घ्या."

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. जेगालला नाव टाकावंच लागलं.

सोरामची रेघ कालपासून थोडी वर आलेली दिसत होती. आणि आता ती तिथेच पसरली होती, भरतीनंतर वाळूवर राहिलेल्या दोरीसारखी. लोक वाट पाहत राहिले. घमेल्यात फोन वाजत होते, बुसानच्या मुलांचे, जावांचे, नणंदांचे. काय नाव आलं म्हणून विचारत असतील. कोणी उचलले नाहीत. बाहेर समुद्रपक्षी कलकलत होते.

"देवाला वेळ लागतो," बुवा म्हणाला.

"गेल्या खेपेला नाही लागला," मागून पोस्टातला कारकून पुटपुटला.

मग रेघ हलली. खाली. चढत्या भावाची लाल होती ती उतरत्या भावाची निळी झाली. सभागृहातून सुस्कारा गेला. पुन्हा एक पायरी खाली.

"आता हे कोण करतंय बरं?" बाई म्हणाल्या. "आपले फोन तर इथे आहेत."

त्या पडद्याच्या बाजूला बघत राहिल्या. मग एकेक करून सगळेच तिकडे बघायला लागले. जेगाल पाठ अर्धवट वळवून उभा होता आणि त्याचा अंगठा फोनवर चालत होता. सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत हे त्याला उशिरा कळलं.

"जेगालसाहेब," हे मालसुननं म्हटलं, आणि तिचा आवाज तिचाच वाटत नव्हता. "तुम्हीही ठेवा ना फोन."

"मी... माझं ऑफिसचं काम आहे."

"ठेवा."

त्यानं ठेवला. कालवं फोडणाऱ्या चाळीसएक बायका उठून उभ्या राहिल्या तर कोणीही ठेवला असता. निळी रेघ आणखी खाली जायची थांबली, आणि आडवी पडून राहिली.

*

"हा संशयाचा कोप आहे," बुवानं शेवटचा प्रयत्न केला. त्याचा जाड आवाज आता गेला होता, नेहमीचा बारीक आवाज उरला होता. "या बाईच्या अविश्वासानं शब्द बाटला."

काही माना हलल्या, हे बाईंनी पाहिलं. इतक्या आशेनं धरून ठेवलेली गोष्ट माणूस एका निळ्या रेघेसाठी सोडत नाही. त्यांनी सभागृहाच्या स्वयंपाकघरात जाऊन मासळीच्या टोपलीतला एक खेकडा उचलून आणला.

"ठीक आहे. आता याला विचारू," त्या म्हणाल्या. "फोन घ्या आपापले. कारकूनसाहेब, सोरामसारख्या कोणी न विचारणाऱ्या चार कॉईनची नावं चार ताटल्यांखाली ठेवा."

खेकडा तिरका तिरका पळत एका ताटलीला जाऊन भिडला. 'पादो' निघालं. हसू पसरलं.

"आता प्रत्येकीनं एका वाटी सूपभाताच्या पैशांचं घ्यायचं. जास्त नाही. आणि जावांना, मुलांना कळवायचं, त्यांनीही तेवढंच. आणि मी म्हणेन तेव्हा लगेच विकायचं. उगाच बाहेरचं कोणी त्यात अडकायला नको."

लोकांनी केलं. रेघ जागी झाली. चढली. लाल, आणखी लाल. सभागृहात हशा उसळला. खेकडादेवाचा जयजयकार झाला, आणि दोघीतिघींनी तर खऱ्याच श्रद्धेनं त्या खेकड्याकडे पाहिलं. बाईंना त्या क्षणी त्याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटली.

"बघा," त्या आवाज चढवून म्हणाल्या. "भाव म्हणजे दुसरं काय असतं? इतकी माणसं एकदम 'हवं' म्हणाली की वर जातो, 'नको' म्हणाली की खाली येतो. आपणच घेतलं, आपणच चढवलं, आणि आपणच आश्चर्यानं तोंडात बोट घातलं. खेकड्याला यातलं काही ठाऊक नाही. बुवालाही नाही. त्याला तुम्ही तेवढे ठाऊक आहात. बरं, आता सगळ्यांना फायदा दिसतोय ना? विका. पण आधी कोण विकणार?"

हशा विरला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. वर्षानुवर्षं एका फळीवर शेजारी उभं राहून कालवं फोडलेल्या त्या बायका, आणि त्या वेळी प्रत्येकीची नजर शेजारणीच्या अंगठ्यावर होती. मग कुठेतरी एक अंगठा पडला आणि सगळेच पडले. रेघ कोसळली. सुरू झाली होती त्याच्याही खाली गेली.

"माझं विकलं गेलंच नाही," होबुन आजी फोन हलवत म्हणाली. "मी दाबत होते गं. दाबतच होते."

कोणी हसलं नाही.

"आजीचा फायदा कोणाकडे गेला?" बाईंनी विचारलं. "जिनं आधी विकलं तिच्याकडे. आज तो सूपभाताच्या वाटीएवढा होता आणि आपण तो आजीला परत देऊ. पण इतके दिवस आधी कोण विकत होतं? ज्यानं आदल्या दिवशी गुपचूप घेऊन ठेवलं होतं तो. तुम्ही रडत होतात, झगा डोळ्यांना लावत होतात, तेव्हा तो तुम्हालाच विकत होता. म्हणून सेनापतीला ढोल लागतो, गर्दी लागते. म्हणून तो मोठ्या कॉईनचं नाव घेत नाही, कारण तिथली गर्दी एवढी अफाट की एका बंदराचे अंगठे तिथे समुद्रात थुंकल्यासारखे. जेगाल तुम्हाला उसने पैसे देत होता तेसुद्धा याचसाठी, की त्याचा माल घ्यायला कोणीतरी हवं."

मालसुन तिथेच जमिनीवर बसली. बाई तिच्याजवळ गेल्या, तेव्हा तिनं त्यांचा हात झटकला.

"तुला आनंद झाला असेल," ती म्हणाली.

"नाही गं."

"मी हानुलच्या वेळी जे कमावलं," मालसुन म्हणाली, "ते मग कोणाचं होतं?"

बाईंची नजर होबुन आजीकडे गेली. मालसुनही तिकडेच बघत होती.

बोटीची सही झाली नाही. साम्चनफोचं गिऱ्हाईक शिव्या देत परत गेलं. जेगालला आणि बुवाला गावानं दाराबाहेर जाऊ दिलं ते पोलीस आल्यावरच. पैसे मात्र कोणाचे फारसे परत आले नाहीत. आम्ही कोणाच्या खिशात हात घातला नाही, लोकांनी आपल्या राजीखुशीनं घेतलं, असं दोघांनी सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. हेच बाईंना सगळ्यांत जास्त बोचलं. दोनचार घरं अजूनही त्यांच्याशी बोलत नाहीत. देव पळवून लावला म्हणतात.

वसंतात कळलं की पलीकडच्या बेटावर नवा मांडव उभा राहिला आहे. बुवा वेगळा, झगा हिरवा, अंगात येणारी कोणी सागरकन्या. त्या दिवशी शेडमधल्या बायका लवकर सुटल्या आणि मासळीच्या व्हॅनमधून तिकडे गेल्या. बाईंना त्यांनी बोलावलंही नाही. गर्दीनं भरलेल्या मांडवात, ढोल ऐन रंगात आला असताना, मालसुन उभी राहिली. तिच्या अंगाला कालवांचा वास होता आणि आवाज शेडभर पोचणारा.

"देवी, तुला उद्याचा भाव दिसतो ना? मग आज आम्ही कोणीच काही घेणार नाही. हात बांधून बसतो. आता दाखव."

देवीला त्या दिवशी अंगात यायलाच जमलं नाही म्हणतात.

असा सेनापती, अशी देवी बंदरातच भेटते असं नाही. झगा घालूनच येते असंही नाही. टाय लावून येते, पडद्यावरून हसत बोलते, तुम्हाला भाऊ-ताई म्हणते आणि भित्रा पळेल, श्रद्धाळू तरेल असं बजावते. सगळे धावतायत म्हणून तुमचेही पाय शिवशिवतील, ते माणसाच्या स्वभावातच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तेवढं थांबा आणि विचारा: मी घेतलं नाही, माझ्या शेजाऱ्यानं घेतलं नाही, तरी याचं म्हणणं खरं ठरेल का? ठरणार नसेल, तर चमत्कार त्याचा नाही. तो तुमच्या खिशाचा आहे, आणि खिसा बंद करायला कुठल्याही देवाची परवानगी लागत नाही.